कोवळ्या द्राक्षवाइनची निवळ : गाळ किती काढावा, हवा किती द्यावी

पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले म्हणजे ते घागरीत रात्रभर स्थिर ठेवावयाचे आणि सकाळी तळाला धक्का न लावता वरचे पाणी दुसऱ्या भांड्यात घ्यावयाचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी घागरीच्या आतल्या अंगास निवळीचे बी घासत. पुढे तुरटी फिरवू लागले. पानाला लावावयाच्या चुन्यावर साचणाऱ्या स्वच्छ पाण्यालाही आपण चुन्याची निवळी म्हणतो. गाळ तळाशी तसाच राहू देऊन वरचा नितळ द्रव अलगद काढून घेणे या क्रियेस प्रस्तुत लेखात 'निवळ काढणे' असे म्हटले आहे.

द्राक्षांच्या वाइनमध्ये हीच क्रिया दोन हेतूंनी केली जाते. पहिला हेतू गाळ वेगळा करणे हा होय. दुसरा हेतू वाइनला थोडी हवा देऊन तिचा कोवळेपणीचा उग्रपणा कमी करणे हा होय. यांपैकी पहिली गोष्ट योग्य वेळी केल्यास बहुधा हिताचीच ठरते. दुसरी मात्र मापात केली तर औषध आणि मापाबाहेर गेली तर रोग, अशा स्वरूपाची आहे. आपल्या हवामानात हे माप युरोपातील पुस्तकांत दिलेल्या मापापेक्षा वेगळे धरावे लागते. ते कसे धरावे, हे येडगावच्या परिसराचे उदाहरण समोर ठेवून येथे सांगावयाचे आहे.

येडगाव आणि द्राक्षे

जुन्नर तालुक्यातील येडगाव कुकडी नदीवर वसले आहे. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे येतात. धरणांचे पाणी शिवारात खेळू लागल्यावर या भागात टोमॅटो, ऊस आणि द्राक्षे यांची लागवड वाढली. येथील काळी जंबो द्राक्षे बाजारात नावाजलेली आहेत. शेजारच्या नारायणगाव येथे श्री. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात वाइनचा कारखाना उभारून फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन तयार केली, आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशातही विकली गेली.

फेसाळ वाइन बनविण्याच्या त्या पद्धतीत दुसरे आंबवण बाटलीतच होते व गाळही बाटलीतच बसतो. बाटल्या उलट्या तोंडाने लावून थोड्याथोड्या फिरवीत नेल्या म्हणजे सर्व गाळ मानेशी गोळा होतो. मग मान गोठवून बूच काढताच आतील दाबाने तो गोठलेला गाळ बाहेर उडतो. एवढा खटाटोप कशासाठी, तर गाळ आणि वाइन यांची फारकत करण्यासाठी. साध्या वाइनला हा खटाटोप करावा लागत नाही. परंतु फारकत मात्र करावीच लागते.

जुन्नरला वाइनचा संबंध तसा नवा नाही. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून नाणेघाटाने कोकणातील बंदरांकडे व्यापारी मार्ग उतरत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी इटलीची वाइन उतरत असल्याची नोंद आहे. आज मात्र प्रश्न बाहेरून येणाऱ्या वाइनचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर राज्यात लहानमोठे अनेक वाइन कारखाने निघाले. जुन्नर तालुका २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून घोषित झाला आहे. अशा ठिकाणी येणारा पाहुणा वाइनची परीक्षा एका घोटात करतो. वर्षभर राबून आणलेल्या द्राक्षांची किंमत त्या घोटावर ठरते.

प्रथम कायदा

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्यावाचून कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. वाइन सौम्य आहे, द्राक्षे घरची आहेत किंवा ती विकावयाची नाही, या सबबींनी परवान्याची अट सुटत नाही. वसई व मुंबईकडील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळासाठी काळ्या द्राक्षांची वाइन घरी लावण्याची चाल जुनी आहे, हे खरे. पण चाल आणि कायदा या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. अमेरिकेत दोन प्रौढ माणसांच्या कुटुंबाला घरच्या वापरासाठी वर्षास २०० गॅलनपर्यंत वाइन बनविण्याची केंद्रीय कायद्याने मुभा आहे. तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांनी पाठविलेली कृती आपल्या घरी जशीच्या तशी करता येत नाही, याचे हेही एक कारण आहे.

म्हणून पुढील माहिती राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असलेल्या वा घेऊ इच्छिणाऱ्या लहान उत्पादकांसाठी, वाइनची द्राक्षे पिकविणाऱ्या बागायतदारांसाठी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी आहे. ज्यांच्यापाशी परवाना नाही त्यांना कायद्याने करता येण्याजोगी, याच क्रियेवर आधारलेली द्राक्षरसाची कृती लेखाच्या शेवटी दिली आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. मद्याचे निर्धोक असे प्रमाण सांगता येत नाही, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

कोवळी वाइन उग्र का लागते

द्राक्षरसातील साखरेपासून किण्वामुळे मद्यार्क आणि कर्बद्विप्राणिद वायू तयार होतो. दर लिटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली म्हणजे मद्यार्क एक टक्क्याने वाढतो. आंबवण संपताना वाइन गढूळ असते आणि तिच्यात पुढील गोष्टी असतात : मेलेले व जिवंत किण्व, गराचे कण, पोटॅशियमच्या टार्टरेट क्षाराचे बारीक खडे, विरघळलेला वायू आणि साल व बी यांतून उतरलेली तुरट द्रव्ये.

विरघळलेल्या वायूमुळे जिभेवर चुरचुर होते व आंबटपणा आहे त्याहून अधिक भासतो. तुरट द्रव्यांमुळे कच्च्या जांभळासारखे तोंड ओढले जाते. किण्वाला पोषण कमी पडले असेल तर गंधकयुक्त वायू निर्माण होऊन सडक्या अंड्यासारखा वास येतो. जाड गाळ तळाशी दीर्घकाळ राहिला तर मेलेले किण्व कुजू लागते व हाच वास बळावतो. म्हणजे कोवळ्या वाइनचा उग्रपणा हा एकच दोष नसून तीन-चार निरनिराळ्या कारणांचा मेळ असतो. कारण ओळखल्यावाचून उपाय करू नये.

थोर फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६६ साली वाइनवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वाइन मुरण्यास थोड्या प्राणवायूची गरज असते, आणि वाइन बिघडते ती सूक्ष्म जीवांमुळे, या दोन्ही गोष्टी त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिल्या. शिरका करणारे जंतू हवा मिळाली तरच फोफावतात. जी हवा वाइनला शहाणे करते तीच तिचा शिरकाही करते. निवळ काढणाऱ्याने ही गोष्ट सतत ध्यानी ठेवावयाची असते.

युरोपचा हिवाळा आणि आपला उन्हाळा

युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. आंबवण संपते न संपते तोच हिवाळा सुरू होतो. थंडीमुळे टार्टरेटचे खडे आपोआप खाली बसतात, गाळ घट्ट होतो आणि जंतू निपचित पडतात. तेथील उत्पादक पहिली निवळ सावकाश काढतो, आणि तेवढ्यात थोडी हवा लागली तरी बिघडत नाही.

आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. माघात लावलेली वाइन फाल्गुनात कोवळी असते आणि चैत्र-वैशाखाचे ऊन तिला लगेच गाठते. ज्या काळात तिला विश्रांती व थंडावा हवा, त्याच काळात साध्या खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते. गाळ लवकर कुजतो, खडे नीट बसत नाहीत, चिलटे सर्वत्र असतात आणि चिलटांबरोबर शिरक्याचे जंतूही येतात. यावरून आपल्यापुरते दोन नियम निघतात. गाळावरून वाइन लवकर काढावी, आणि हवा युरोपातल्यापेक्षा जपून द्यावी.

निवळ काढण्याचे वेळापत्रक

पहिली निवळ आंबवण पूर्ण झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत काढावी. बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपले असे समजू नये. दूध संस्थेत लॅक्टोमीटर वापरतात तसे हायड्रोमीटर वाइनमध्ये सोडून पाहावे. लागोपाठ तीन दिवस आकडा तोच, आणि तो १.००० च्या खाली, साधारण ०.९९० ते ०.९९६ या दरम्यान असेल तर साखर संपली असे समजावे. साखर शिल्लक असता भांडे घट्ट बंद केले तर आत वायू कोंडून बाटल्या फुटतात. काचा लागून डोळा जाण्याइतका हा धोका गंभीर आहे.

दुसरी निवळ पहिलीनंतर चार ते सहा आठवड्यांनी काढावी. तिसरी निवळ मृगाच्या सुमारास, हवा थंडावल्यावर काढावी. तोवर तळाशी बोटाच्या पेराहून कमी आणि घट्ट असा गाळ दिसत असेल तर वाइन बाटलीत भरण्यास योग्य होत आली आहे. वाइन स्वच्छ दिसत असता उगाच चौथी-पाचवी निवळ काढू नये. प्रत्येक वेळी थोडा सुगंध उडतो आणि थोडी हवा शिरते.

कृती

१. निवळ काढण्याच्या दोन दिवस आधी भांडे उंच जागी, बाकावर वा ओट्यावर ठेवावे. उचलून ठेवताना हललेला गाळ या दोन दिवसांत पुन्हा बसतो.

२. दुसरे भांडे, नळी व बुचे उकळत्या पाण्याने अथवा सल्फाइटच्या पाण्याने धुवावीत. भांडी काचेची, निर्लेप झिलईची वा स्टेनलेस स्टीलची असावीत. प्लास्टिक वापरल्यास ते अन्नपदार्थांसाठी प्रमाणित केलेलेच असावे.

३. विहिरीच्या पाण्यासाठी आपण सायफन लावतो, तीच पद्धत येथे वापरावी. नळी आधी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून घ्यावी. तोंडाने ओढू नये, कारण तोंडातील जंतू वाइनमध्ये जातात. नळीतले पहिले पाणी निराळ्या भांड्यात सोडावे.

४. नळीचे वरचे टोक गाळाच्या वर दोन-तीन सेंटीमीटर राहील असे काडीला बांधून सोडावे. वाइन उतरत जाईल तसतसे भांडे अगदी सावकाश कलते करावे. गढूळ धार येताच थांबावे. शेवटचा अर्धा लिटर वाचविण्याच्या लोभाने सर्व निवळ पुन्हा गढूळ होते.

५. वेगळा राहिलेला गाळ उंच बाटलीत घालून थंड जागी ठेवल्यास एक-दोन दिवसांत त्यावरही थोडी निवळ येते. ती चाखून, वास चांगला असेल तरच मूळ वाइनमध्ये मिसळावी.

६. नवे भांडे काठोकाठ भरावे. गाळामुळे पहिल्या खेपेस वाइन कमी भरते, म्हणून लहान आकाराची दोन-तीन भांडी आधीच तयार ठेवावीत. मोठे भांडे अर्धे ठेवण्यापेक्षा दोन लहान भांडी भरलेली बरी.

७. बुचातून नळी काढून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवावे. आतला वायू बाहेर जाईल, बाहेरची हवा आत येणार नाही.

८. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट दहा लिटरला एक ग्रॅम या मानाने घातल्यास दर लिटरमध्ये सुमारे ५७ मिलिग्रॅम गंधकद्विप्राणिद मिळते. ते जंतूंना व हवेच्या अतिरेकाला आवर घालते. प्रत्येक निवळीस तेवढेच घालू नये. पुढील मात्रा वाइनची चाचणी करून ठरवावी. दम्याच्या रुग्णांना याचा त्रास होऊ शकतो, म्हणून बाटलीवर त्याची नोंद असावी. वजन तोळ्याच्या काट्यावर करावे. चिमटीच्या अंदाजाने करू नये.

आंबवणाच्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जुन्या पेवात उतरलेला माणूस कोंडलेल्या हवेने दगावल्याच्या गोष्टी आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत. आंबवणातून निघणारा वायू त्याच जातीचा, हवेपेक्षा जड आणि डोळ्यांना न दिसणारा असतो. मोठ्या टाकीत डोके घालून वास घेणे किंवा एकट्याने टाकीत उतरणे हे प्राणावर बेतणारे आहे.

हवेचे माप

साधारण २० अंश तापमानास एक लिटर वाइनमध्ये हवेतून सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. धार उंचावरून सोडून, शिंतोडे उडवीत निवळ काढली तरी एका वेळी याहून फार अधिक प्राणवायू वाइनमध्ये जात नाही. तांबड्या वाइनला पहिल्या निवळीच्या वेळी हे एकवार सोसते, किंबहुना लाभतेही. गंधकाचा वास निघून जातो, कोंडलेला वायू सुटतो आणि पुढे तुरटपणा मऊ होण्यास साहाय्य होते.

आता दुसरे उदाहरण घ्या. पंचवीस लिटरच्या भांड्यात वीस लिटर वाइन आहे आणि वर पाच लिटर जागा मोकळी आहे. त्या पाच लिटर हवेत सुमारे एक लिटर, म्हणजे वजनाने जवळजवळ १.४ ग्रॅम प्राणवायू असतो. वीस लिटरवर वाटला तर दर लिटरला ७० मिलिग्रॅम पडतो. शिंतोडे उडवीत काढलेल्या निवळीच्या आठ-नऊ पट. शिवाय झाकण उघडावे तेव्हा ताजी हवा आत येते. वाइन बिघडते ती बहुधा एका तासाच्या ओतण्याने नव्हे, तर महिनाभर अर्ध्या राहिलेल्या भांड्याने. हा हिशेब समजला तर बरेचसे नुकसान टळेल.

पांढऱ्या वाइनला हवा देऊ नये. तिच्यात तुरट द्रव्ये कमी असल्याने प्राणवायू सोसण्याचे बळ नसते. रंग तपकिरी होतो आणि कापलेल्या सफरचंदासारखा वास येतो. तिची निवळ नळीचे खालचे टोक भांड्याच्या तळाशी ठेवून, आवाज न होऊ देता काढावी. खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांची वाइन केली असेल तर ती तांबडी असली तरी हाच नियम पाळावा, कारण बियांतून येणारी तुरट द्रव्ये तिला मिळालेली नसतात. काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ यांसारख्या खास वाइनच्या तांबड्या जातींस अधिक हवा सोसते.

पेल्यातील परीक्षा

संपूर्ण भांड्यावर उपाय करण्यापूर्वी तो एका पेल्यावर करून पाहावा. एकाच भांड्यातून थोडीथोडी वाइन तीन काचपात्रांत घ्यावी. पहिली लगेच चाखावी. दुसरी रुंद तोंडाच्या काचेच्या सुरईत ओतून, गरम दूध वरखाली करतो तशी दोन-तीन वेळा वरखाली करून तासाभराने चाखावी. तिसरी झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी चाखावी. चाखून थुंकून टाकावी. परीक्षेसाठी गिळण्याची गरज नाही.

तासाभराने चुरचुर व अंड्याचा वास गेला असेल तर दोष वायूचा होता. भांड्यातील तांबड्या वाइनची निवळ धार उंच धरून एकवार काढावी. कांदा-लसणासारखा वास तसाच राहिला असेल तर दोष खोल गेला आहे. हवेने तो जात नाही, आणि जाणकार प्रयोगशाळेचा सल्ला घ्यावा. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाइनविषयी संशोधन चालते, तेथील मार्गदर्शन उपयोगी पडेल. केवळ तुरटपणा राहिला असेल तर तो काळावर सोडावा. थंड जागी सहा महिने राहिलेली वाइन तासाभराच्या ओतण्यापेक्षा पुष्कळ मऊ होते. शिरक्याचा अथवा नखांच्या रंगासारखा झणझणीत वास आला तर मात्र हवा बिलकुल देऊ नये. ते भांडे ताबडतोब इतरांपासून दूर करावे. शिरक्याकडे वळलेली वाइन निवळ काढून, साखर घालून वा मसाला घालून परत येत नाही.

दुसऱ्या दिवशीचा पेला पहिल्यापेक्षा चांगला लागला तर वाइनमध्ये टिकण्याचे बळ आहे असे समजावे. फिका, विटका लागला तर ती लवकर संपवावयाची वाइन आहे. तिला साठवणीत ठेवू नये.

पाहुण्यापुढे ठेवताना

बाटलीतील कोवळी तांबडी वाइन पिण्यापूर्वी अर्धा ते एक तास रुंद सुरईत ओतून ठेवल्यास बरी लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. या अल्प वेळात तुरट द्रव्यांत मोठा रासायनिक बदल होतो असे मात्र नाही. कोंडलेला वायू व कोवळेपणीचे वास निघून जातात आणि मूळ फळाचा सुगंध पुढे येतो, म्हणून ती मऊ भासते. बोर्दो येथील विख्यात वाइनतज्ज्ञ एमिल पेनो हे सुरईत फार वेळ ठेवण्याच्या विरुद्ध होते. जुन्या वाइनचा गाळ वेगळा करावयाचा तर पिण्याच्या अगदी आधी ओतावी, असे ते सांगत. आपल्या उन्हाळ्यात तर सुरई थंड पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. ३५ अंशांच्या खोलीत उघडी राहिलेली वाइन सुगंध गमावते आणि तिचा मद्यार्क नाकात झोंबतो. बाटली हलवून, चमच्याने घुसळून हवा देऊ नये, कारण तळाचा गाळ वर येतो.

टाळावयाचे काही उपाय

तांब्याचे भांडे वा पैसा वाइनमध्ये बुडविला म्हणजे अंड्याचा वास जातो, असे काही ठिकाणी सांगतात. तांब्याशी संयोग होऊन गंधकाचा वास कमी होतो हे खरे. परंतु ताक पितळेच्या भांड्यात कळकते तशीच वाइनही कळकते. वाइन आंबट असल्याने तिच्यात तांबे उतरते व ते विषारी होय. हा उपाय घरी करू नये. पाण्यासाठी वापरतो ती तुरटीही वाइनला लावू नये. गढूळपणा निवळीने जात नसेल तर वाइनसाठी तयार केलेली बेंटोनाइट माती मापून वापरतात. उग्रपणा झाकण्यासाठी साखर घालणे हे सर्वांत घातक आहे. उरलेले किण्व पुन्हा जागे होते आणि बंद बाटली फुटते.

थंडाव्यासाठी महागड्या यंत्राची सर्वांनाच ऐपत नसते. भाजीपाल्यासाठी विटा व वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष आपल्या अनेक गावांत बांधला गेला आहे. कोरड्या चैत्र-वैशाखात त्यात बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी तापमान राहते. लहान भांडी त्यात ठेवता येतात. तेही नसेल तर उत्तरेकडील अंधारी खोली निवडून भांड्यांभोवती ओले गोणपाट गुंडाळावे व ते सुकू देऊ नये. बूच मात्र कोरडे व स्वच्छ राहील अशी काळजी घ्यावी.

परवान्यावाचून करता येण्याजोगा द्राक्षरस

हंगामात मणी गळालेली, घड सुटलेली पण निरोगी द्राक्षे मातीमोल भावाने जातात. महिला बचत गटांना त्यांचा न आंबविलेला रस करता येतो. द्राक्षे स्वच्छ धुऊन, कुजके मणी काढून, कुस्करून रस गाळून घ्यावा. तो ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवून निर्जंतुक बाटल्यांत गरम असतानाच काठोकाठ भरावा आणि झाकण लावावे. थंड झाल्यावर बाटल्या शीतपेटीत दोन-तीन आठवडे उभ्या ठेवाव्यात. तळाशी खड्यांसारखा गाळ बसतो. तो टार्टरेटचा असून अपायकारक नाही, परंतु जिभेला खरखरतो आणि काच पडली की काय अशी शंका ग्राहकाला येते. वर सांगितलेल्या रीतीने, आवाज न करता निवळ काढावी, रस पुन्हा तेवढाच तापवावा आणि बाटल्या भराव्यात. रसाला हवा मुळीच हितकर नाही. तो काळपट होतो. बुडबुडे येऊ लागलेला, झाकण फुगलेला रस विकू अथवा पिऊ नये. विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे.

सारांश

गाळ लवकर दूर करावा, भांडे भरलेले ठेवावे, हवा एकदाच आणि तीही पेल्यावर पारखून द्यावी, आणि उन्हाळ्याचे चार महिने वाइनला सावलीत सांभाळावे, एवढ्यात या विषयाचे मर्म आले. चांगल्या द्राक्षांतून आलेली कोवळी वाइन निवळीने सुधारते. रोगट द्राक्षांतून आलेली वाइन कोणत्याही सुरईत सुधारत नाही. तिची चव गोडी छाटणीपासून बागेतच घडत असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील परवानाधारक उत्पादकांकडे पेल्यातील परीक्षा एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी, आणि ज्यांच्यापाशी परवाना नाही अशा बागायतदारांना व बचत गटांना द्राक्षरसाच्या निवळीचे प्रात्यक्षिक द्यावे. दोन्हींसाठी लागणारे सामान एक स्वच्छ नळी, दोन काचेची भांडी आणि थोडा धीर एवढेच आहे.